रसिकतेचेही एक उत्तरदायित्व असते

कलावंताने समाजाला काय द्यावे, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. समाजाने कलावंताशी कसे वागावे, याची चर्चा मात्र बहुधा तो गेल्यानंतर, श्रद्धांजलीच्या सभेत होते. स्वीडनच्या टिम बर्गलिंग या तरुण संगीतकाराच्या ‘वेक मी अप’ या गीताची कथा या दृष्टीने मननीय आहे.

१९८९ साली स्टॉकहोममध्ये जन्मलेला टिम जगाला ‘अविची’ या नावाने परिचित होता. संगणकावर रचलेल्या, ठरावीक ठेक्यावर चढत जाऊन एका क्षणी स्फोटासारख्या आदळणाऱ्या नृत्यसंगीताचा तो अग्रणी. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतील मायामीच्या ‘अल्ट्रा’ महोत्सवात हजारो तरुण त्याच ठेक्याच्या अपेक्षेने जमले होते. त्याने मात्र मंचावर हाडामांसाचे वादक आणि गायक आणले. गिटार आणि बॅन्जो वाजू लागले; अमेरिकेच्या ग्रामीण लोकसंगीतातून उगवलेल्या ‘ब्लूग्रास’ परंपरेतील गायक डॅन टिमिन्स्की गाऊ लागला. समुदाय प्रथम गोंधळला, मग नाराज झाला. समाजमाध्यमांवर टिंगल सुरू झाली. आपला हेतू प्रयोगाचा होता, असा खुलासा त्या तरुणाला करावा लागला.

त्याच मंचावर प्रथम सादर झालेले ‘वेक मी अप’ जून २०१३ मध्ये प्रकाशित झाले आणि चित्र पालटले. ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात त्याच्या सुमारे २ लाख ६७ हजार प्रती खपल्या. त्या वर्षातील तोवरची ती सर्वाधिक वेगवान विक्री होती. अनेक देशांत ते प्रथम क्रमांकावर पोहोचले, अमेरिकेच्या मुख्य यादीत चौथ्या. मार्चमध्ये ज्या मिश्रणाची टवाळी झाली, तेच उन्हाळा संपेपर्यंत नावीन्य म्हणून डोक्यावर घेतले गेले. समुदायाची नापसंती जितकी उथळ होती, तितकीच त्याची पसंतीही उथळ नव्हती कशावरून?

गीत मात्र उथळ नव्हते. माइक आइन्झिगर याने गिटारवर बांधलेली चाल आणि अ‍ॅलो ब्लॅक याने लिहिलेले व गायलेले शब्द हा त्याचा पाया. वाट न दिसणाऱ्या एका तरुण प्रवाशाचे मनोगत त्यात आहे. ब्लॅकने पुढे हेच गीत यंत्रसंगीत वगळून साध्या साथीवर गायले, तेव्हाही ते तितकेच उभे राहिले. यंत्र कितीही प्रगत असो, गाणे टिकते ते शब्द, स्वर आणि मातीतल्या परंपरेच्या बळावर, हे सत्य त्या तेवीस वर्षांच्या तरुणाला उमगले होते.

या यशाची दुसरी बाजू विदारक आहे. ‘अविची’ हे नाव त्याने बौद्ध परंपरेतील सर्वांत खालच्या नरकाच्या नावावरून घेतले होते. मूळ संस्कृत शब्द ‘अवीचि’. जेथे यातनांना खंड नाही तो नरक. नाव गमतीने घेतले असेल, पण त्याचे आयुष्य तसेच विनाखंड धावत गेले. काही वर्षांत आठशेच्या घरात कार्यक्रम, रात्रीमागून रात्री प्रवास, मनावरील ताण बुडवण्यासाठी मद्य. २०१२ मध्येच स्वादुपिंडाच्या दाहाने त्याला रुग्णालय गाठावे लागले होते. मार्च २०१४ मध्ये त्याच मायामीचा कार्यक्रम रद्द करून शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. २०१६ मध्ये त्याने मंचाचा निरोप घेतला. २०१७ च्या माहितीपटात त्याचा थकवा आणि भय कोणालाही दिसावे इतके स्पष्ट आहे. २० एप्रिल २०१८ रोजी ओमानमधील मस्कत येथे, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. त्याला आता पुढे जाणे शक्य नव्हते, या आशयाचे पत्र कुटुंबीयांनी प्रसिद्ध केले. पुत्रशोक गिळून आईवडिलांनी २०१९ मध्ये मानसिक आरोग्यासाठी न्यास स्थापन केला.

हे सारे परदेशातले, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून चालणार नाही. २००७ मध्ये गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यावर सुरू झालेला ‘सनबर्न’ महोत्सव २०१६ मध्ये पुण्याजवळ केसनंदला भरला होता. अशा महोत्सवांतील मद्य, अमली पदार्थ आणि कर्णकर्कश आवाज यांविषयीचे आक्षेप रास्तच आहेत. परंतु आक्षेप नोंदवला की कर्तव्य संपले, हा समज घातक आहे. घरातला मुलगा कानाला यंत्र लावून काय ऐकतो, त्या गाण्यात त्याला स्वतःचे कोणते दुःख सापडते, हे किती पालक विचारतात? ‘वेक मी अप’वर नाचणाऱ्या लाखोंपैकी किती जणांनी त्यातील वाट हरवलेल्या प्रवाशाची हाक ऐकली?

भारतीय परंपरेने श्रोत्याला ‘सहृदय’ म्हटले आहे. सहृदय तो, जो टाळीबरोबर मनही देतो. नव्या प्रयोगाला पहिल्याच क्षणी धुडकावू नये आणि आवडल्यावर कलावंताला विसावा नाकारू नये, एवढी अपेक्षा त्यात आहे. घरातील तरुणाच्या आवडीकडे पाहतानाही हीच सहृदयता हवी. एखाद्या संध्याकाळी त्याच्याशेजारी बसून त्याचे गाणे शेवटपर्यंत ऐकावे; उपदेशाची वेळ आलीच, तर ती त्यानंतर येईल.