आधी जागा, मग भूमिका

आमच्या सुर्ल्यात जत्रेचं नाटक ठरलं की दोन गोष्टींची चर्चा आधी होते. पडदे आणि लाईट कुणाचे, आणि नटी कुठून आणायची. डिचोली तालुक्यातल्या बऱ्याच गावांत थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसेल. पुरुषांच्या भूमिका गावातलेच करतात. ट्रक चालवणारा, शाळामास्तर, दुकानदार असे सगळे रात्री जेवून तालमीला जमतात. बायकांच्या भूमिकांसाठी मात्र बाहेरून कलाकार ठरवायच्या. त्या शेवटच्या दोन-तीन तालमींना येतात, नाटक सांभाळून नेतात आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जातात. एका मोसमात इतक्या संहिता डोक्यात ठेवायच्या म्हणजे खायचं काम नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. गावात एवढ्या मुली आहेत, बोलायला एकीपेक्षा एक वरचढ आहेत, मग स्टेजवर त्यातली एकही का नाही?

माझ्या आत्येने शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा काम केलं होतं. बक्षीसही मिळालं. पुढच्या वर्षी तिचं नाव यादीतून गेलं. आजही लग्नकार्यात ती अख्ख्या गावाच्या नकला करते आणि आम्ही पोट धरून हसतो. मी एकदा विचारलं, "आत्ये, तुला घरातून नको म्हणाले का गो?" ती म्हणाली, "नको कुणीच म्हटलं नाही. फक्त तालमीची वेळ कुणी बदलली नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

गंमत बघा, बाई रंगभूमीवर येणं आपल्या गोव्याला नवीन नाही. बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे 1933 साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये उभ्या राहिल्या आणि 1942 च्या 'कुलवधू'ने घराघरांत पोचल्या. तियात्रात तर त्याच्याही आधी, 1904 साली, रेजिना फर्नांडिस यांनी काम केलं. त्यांचे पती जुआंव आगुस्तीन फर्नांडिस स्वतः तियात्र लिहीत, बसवत. म्हणजे गुण असून भागत नाही. कुणीतरी आतून दार उघडावं लागतं. ते दार जन्मभर उघडं धरून ठेवणाऱ्या एका अभिनेत्रीबद्दल मला लिहायचं आहे. त्या गोव्याच्या नव्हेत, मुंबईच्या. पण माझ्या आत्येच्या वाक्याचं उत्तर मला त्यांच्याकडे सापडलं.

सुलभा देशपांडे. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यांना 'इंग्लिश विंग्लिश'मधल्या सासूबाई म्हणून पाहिलंय, किंवा 'चौकट राजा'त नंदूची आई म्हणून. पण त्यांचं नाव झालं ते 'शांतता! कोर्ट चालू आहे' या विजय तेंडुलकरांच्या नाटकाने. 1967 साली 'रंगायन'ने ते केलं, अरविंद देशपांडे यांनी बसवलं, आणि लीला बेणारे झाल्या सुलभाताई. नाटक घडतं एका गावातल्या हॉलमध्ये. प्रयोगाला आलेली शहरातली हौशी मंडळी वेळ घालवायला खोटा खटला मांडतात, आरोपी करतात बेणारेला, आणि खेळ म्हणता म्हणता तिचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणतात. बेणारे शिक्षिका आहे. सुलभाताईही शिक्षिका होत्या, दादरच्या छबिलदास शाळेत.

अशी भूमिका गाजल्यावर पुढची वाट सरळ असते. मोठी नाटकं घ्यायची, सिनेमे करायचे, मुलाखती द्यायच्या. त्यांनी सिनेमे केलेच. पण त्याचबरोबर 1971 साली अरविंद देशपांडे आणि अरुण काकडे यांच्यासोबत 'आविष्कार' ही संस्था काढली. 1974 पासून छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये आविष्कारने नाटकं सुरू केली. हॉल म्हणजे शाळेचा हॉल. नाट्यगृहाची ऐट नाही, प्रेक्षक हाताच्या अंतरावर. पण ज्याला नवीन काही करून बघायचंय त्याला परवडणारी जागा मिळाली. आविष्कारने ती आपल्यापुरती ठेवली नाही. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांच्यासारख्यांचे प्रयोग तिथे झाले. त्यालाच पुढे 'छबिलदास चळवळ' म्हणू लागले. एका शाळेचं नाव नाट्यचळवळीला मिळावं, यातच सगळं आलं.

सुलभाताईंनी मुलांसाठी आविष्कारची 'चंद्रशाला' उभी केली. तिच्या 'दुर्गा झाली गौरी'मधून मुलांच्या पिढ्यांमागून पिढ्या रंगमंचावर येऊन गेल्या. 1987 साली अरविंद देशपांडे गेले, तरी आविष्कार चालू राहिलं. सुलभाताईंचं निधन 4 जून 2016 रोजी झालं. त्यांच्या नावामागे आपण 'ज्येष्ठ अभिनेत्री' लावतो. मला ते अपुरं वाटतं. भूमिका त्यांच्या होत्या तोवर त्यांच्या. त्यांनी केलेली जागा मात्र इतरांना वापरता आली. कलेच्या क्षेत्रात कार्यकर्ती म्हणतात ती हीच, असं माझं मत आहे. तिने किती टाळ्या घेतल्या यापेक्षा तिच्यामुळे किती जण स्टेजवर चढले, हे आधी विचारायला हवं.

यावर कुणी म्हणेल, मुंबईचं मुंबईत. ते खरंही आहे. छबिलदासला येणारा प्रेक्षक मोजका, निवडक. आमच्या जत्रेला अख्खा गाव चटई घेऊन बसतो, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत. पेडण्याकडे दशावतारात पुरुषच राधा होतो, आणि तो पदर सावरतो तेव्हा बायकाही बघत राहतात. हे वैभव मुंबईच्या प्रायोगिक नाटकाला कधी मिळालं नाही. जत्रेचं नाटक बंद करा असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. पण आपल्याकडे नाटक एक तर जत्रेला होतं, नाही तर स्पर्धेला. स्पर्धा संपली की सेट माडीवर आणि नट आपापल्या कामाला. मधल्या महिन्यांत नवशिक्याने, त्यातही मुलीने, चुका करायच्या कुठे? जत्रेत हजार लोकांसमोर चुकायची हिंमत होत नाही. स्पर्धेत चुकलं तर नंबर जातो. चुकायला छोटी जागा लागते.

आता आपल्या मंडळाकडे येते. गेल्या वर्षी नाटकासाठी नावं दिलेल्या मुलींपैकी शेवटपर्यंत निम्म्याही टिकल्या नाहीत. "मुली सिरियस नसतात," असं म्हणून आपण विषय संपवला. मीही गळालेल्यांपैकीच एक. तालीम संपायची साडेसातला, आणि सुर्ल्याला जाणारी माझी बस त्याआधीच सुटलेली असायची. चार दिवस बाबा स्कूटर घेऊन आले, पाचव्या दिवशी मीच नाव काढून घेतलं. मलाही नको कुणीच म्हटलं नव्हतं. आत्येच्या वेळेपासून आजपर्यंत फक्त घड्याळ बदललंय.

म्हणून मंडळासमोर तीन गोष्टी मांडते. एक, तालमी दुपारी, लेक्चर संपल्यावर लगेच, आणि पाचच्या आत बंद. दोन, महिन्यातून एकदा वर्गातच छोटा प्रयोग. सेट नको, माईक नको, बाकं बाजूला सारली की झालं. फादर प्रिन्सिपलना रीतसर अर्ज दिला तर वर्ग ते देतील, अशी मला खात्री आहे. तीन, वर्षातून एक प्रयोग गावात, एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये, आणि त्यात स्त्रीभूमिका आपल्या मुलींनीच करायच्या. सुरुवात सुर्ल्यापासून करूया. चहा-भज्यांची सोय मी बघते.

पहिल्या रांगेतली एक खुर्ची मात्र मला राखून हवी. आत्येसाठी. आणि पाचला संपणारी तालीम तिला जमत असेल, तर खुर्ची नको. तिला एखादी भूमिकाच द्या.