पॉलिशचे पैसे कापणाऱ्यांनो...

मागच्या शनिवारी रत्नागिरीत होतो. मिरजोळे एमआयडीसीत काकांचं छोटं टूलरूम आहे. टेबलावर प्लास्टिकच्या साच्याचे दोन तुकडे. गिऱ्हाईक म्हणे, पोलादच हलकं होतं. काका म्हणाले, "पोलादाला कशाला शिव्या घालायच्या? चीर कोपऱ्यातून सुरू झालीय बघ. तिथलं पॉलिश कोणी कापलं ते विचार."

मला काकांचं पटतं. का, ते सांगतो.

स्पार्क मशीनमध्ये तांब्याचा इलेक्ट्रोड पोलादाला टेकतच नाही. मध्ये केसाएवढी फट, भोवती तेल आणि सेकंदाला हजारो ठिणग्या. ठिणगीच्या जागी क्षणभर 8,000 ते 12,000 अंश! पोलाद वितळतं, बारीक खड्डा पडतो. भिंगाखाली बघाल तर अगदी आपला जांभा दगड. (स्विचबोर्डावरचा खरखरीत मॅट पोत आठवा. तो बऱ्याचदा अशाच खड्ड्यांचा ठसा असतो.)

गोची पुढे आहे. वितळलेलं सगळं पोलाद तेलाबरोबर वाहून जात नाही. उरलेलं तिथंच झटक्यात गोठतं. तेलातला कार्बन त्यात शिरतो, थोडं तांबंही. तपासायला ॲसिड लावलं तरी हा थर मायक्रोस्कोपखाली पांढराच दिसतो, म्हणून नाव 'व्हाइट लेयर'. जाडी काही मायक्रॉन. घाईत करंट वाढवला तर कित्येक पट. मूळ पोलादापेक्षा कडक, पण ठिसूळ. गोठताना तो आकसू बघतो, खालचं पोलाद आकसू देत नाही, मग केसासारख्या चिरा. साचा हजारो वेळा उघडमीट करतो आणि चीर आत सरकत जाते.

उपाय जुनेच आहेत. शेवटचा हात कमी करंटवर, मग थर घासून काढायचा आणि ताण घालवायला पुन्हा टेंपरिंग. पण ड्रॉइंगवर असतो फक्त 'आरए'चा आकडा. तो खड्ड्यांची उंचसखल सांगतो, खालच्या थराबद्दल एक अक्षर नाही. आमच्याकडेही टेस्ट हिरव्या झाल्या की रिलीज, आत काय शिजतंय कोण बघतो! माझं म्हणणं, थर काढण्याची अट ड्रॉइंगवरच हवी आणि तिचे पैसेही.

गंमत म्हणजे 1943 च्या सुमारास रशियात लाझारेंको दांपत्य ठिणग्यांनी विजेचे कॉन्टॅक्ट झिजतात ते कसं थांबवायचं हे शोधत होतं. झीज थांबली नाही, तिचंच मशीन झालं.

असो. काकांनी नव्या कोटेशनमध्ये 'व्हाइट लेयर काढणे' अशी वेगळी ओळ घातली. संध्याकाळी फोन आला, तेवढी ओळ काढता येईल का? काकांनी "नाही" म्हणून फोन ठेवला आणि चहा मागवला.