बंद दाराबाहेरचे अरण्य

राष्ट्रीय उद्यान पाहावयाचे ते हिवाळ्यात, नाहीतर वाघ हमखास दिसावा म्हणून भर एप्रिल-मे महिन्यांत, असा आपल्याकडील रिवाज आहे. पावसाळा हा पर्यटकांच्या लेखी भाकड काळ. माझे मत थोडे निराळे आहे. जामुलच्या सिमेंट कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना सोयीचे राष्ट्रीय उद्यान म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव. आणि तेथे एकदा तरी ऑगस्टमध्ये जावे, असे मी आग्रहाने सांगत असतो.

यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पण तेव्हा तर ते बंद असते ना?" असते. 1975 साली स्थापन झालेले हे उद्यान 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात त्याची द्वारे पर्यटकांसाठी मिटलेली असतात. कच्चे रस्ते चिखलात बुडतात आणि वन्यजीवांनाही वाहनांच्या घरघरीपासून उसंत मिळते. एखाद्या साहेबाची चिठ्ठी नेली तर आत सोडतील काय, अशी चौकशी करणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. मला त्यांचे नवल वाटते. एरवी वर्षभर आपलेच राज्य असते की!

दाराबाहेर पाहण्यासारखे थोडे का आहे? गावाला लागून असलेला नवेगावबांध तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधल्याचे सांगतात. तलाव बांधणे आणि पाणी खेळविणे ही कोहळी समाजाची पिढीजात विद्या. सात बहिणींच्या डोंगरांवरून उतरणारे पाणी या बांधाशी येऊन थांबते, ते पावसाळ्यातच उमजते. स्थलांतरित बदके मात्र या दिवसांत नसतात. त्यांच्यासाठी हिवाळ्याचीच वाट पाहावी. मारुती चितमपल्ली यांच्या 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकामुळे हा परिसर अनेकांना घरबसल्या परिचित झाला आहे.

परंतु या जिल्ह्याचे खरे पावसाळी वैभव म्हणजे सारस. महाराष्ट्रात उरलेले सारस आज मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यात, बाघ आणि वैनगंगा नद्यांच्या आसपास आहेत, आणि त्यांचा विणीचा हंगाम नेमका आपल्या या भाकड काळात येतो. जवळजवळ माणसाएवढा उंच असा हा पक्षी अभयारण्यात नव्हे, तर शेतकऱ्याच्या धानाच्या बांधीत, पाण्यात काडीकचऱ्याचा ढीग रचून घरटे करतो. अंडी बहुधा दोनच. घरट्याखाली गेलेले धान शेतकऱ्याला सोडून द्यावे लागते. 2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारस संवर्धनाची स्वतःहून दखल घेतली, हे योग्यच झाले. तथापि घरट्याची रोजची राखण त्या बांधीच्या धन्याच्याच हाती आहे.

म्हणूनच पावसाळी पाहुण्याचे थोडेसे पैसे गावात पोहोचणे मला महत्त्वाचे वाटते. उद्यान बंद झाले की वाटाड्यांची आणि जिप्सीचालकांची तेथील कमाई तीन महिने थांबते. त्यांच्यापैकी एखाद्याला सोबत घ्यावे, गावातच जेवावे, मुक्काम करावा. सारस दिसलाच तर रस्त्यावरूनच दुर्बीण लावावी. छायाचित्रासाठी बांधीत उतरू नये. नर-मादी घरट्यावरून उठली की कावळ्यांना तेवढीच संधी पुरते.