सळई आणि सरकणारं शून्य

भिवंडीजवळच्या दापोड्यात आता गोदामंच गोदामं. असल्या ठिकाणी फ्रोजन मालाचं शीतगृह बांधायचं तर एक गंमत करावी लागते. आत उणे 18 अंश, आणि फरशीखालच्या मातीला मात्र चक्क ऊब द्यायची! नाहीतर माती गोठून फुगते, फरशी उचलली जाते. उत्तर ध्रुवाकडे पंचाईत बरोबर उलटी आहे. तिथे गोठलेल्या जमिनीवर घरं, रस्ते, टाक्या उभ्या आहेत आणि जमीन वितळतेय.

ही जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. वरचा थर दर उन्हाळ्यात वितळतो, हिवाळ्यात परत गोठतो. किती खोल वितळला ते मोजायची पद्धत एकदम गावठी: लोखंडी सळई खुपसायची, टणक लागलं की थांबायचं. त्याच जागा, दरवर्षी. 'काल्म' हा आंतरराष्ट्रीय उपक्रम 1991 पासून हेच करतोय.

मेख अशी की खोली पृष्ठभागापासून मोजतात. आतला बर्फ वितळून पाणी निघून गेलं की पृष्ठभागच खचतो. सळई म्हणते, काही फरक नाही. आणि जमीन मात्र खाली गेलेली! अलास्कात हे दिसलंय. आपल्या भाषेत, बेसलाइनच हलली. म्हणून पृष्ठभागाची उंचीही वेगळी मोजावी लागते.

2020 मध्ये रशियात नोरिल्स्कजवळ टाकी फुटून सुमारे 20 हजार टन डिझेल सांडलं. दोष वितळत्या जमिनीचा की देखभालीचा, यावर भरपूर वाद झाला. असे वाद सलग आकड्यांशिवाय मिटत नाहीत. एका उन्हाळ्याच्या आकड्याला काय अर्थ? लहरी हवामान, दुसरं काय.

पर्माफ्रॉस्टचा सर्वात मोठा वाटा रशियात आहे, आणि 2022 मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर पाश्चात्त्य संस्थांचं तिथलं सहकार्य बरंचसं थांबलं. या जमिनीत हवेतल्यापेक्षा सुमारे दुप्पट कार्बन आहे, म्हणजे प्रश्न एकट्या रशियाचा नाही.

माझं मत विचाराल तर इथे भारताने पुढे व्हावं. रशियाशी आपलं बोलणं चालू आहे. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, त्यांचं 'हिमाद्री' 2008 पासून स्वालबार्डमध्ये आहे. मग सायबेरियात संयुक्त मोजणी का मागू नये? नवीन इमारत, फीत कापणं वगैरे नकोच. जुन्याच जागा, जुनीच पद्धत, आकडे सगळ्यांना खुले. मोजणीचा हंगाम उन्हाळा संपता संपता, जेमतेम काही आठवड्यांचा. चुकला की वर्ष गेलं.