सरासरी जुळली, तरी बांध फुटतो

हवामानबदलाच्या चर्चेत आणि आराखड्यांत गोव्याच्या भावी पावसाचे आकडे आता नेमाने दिसू लागले आहेत. हे आकडे प्रामुख्याने प्रादेशिक हवामान प्रारूपांतून येतात. पेडणे तालुक्यातील पार्से, आगरवाडा, चोपडे या परिसराने त्यांवर किती विसंबावे, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांपुरता उरलेला नाही. रस्त्याखालच्या मोरीची रुंदी, खाजनाच्या बांधाची उंची आणि मानशीच्या दारांची क्षमता उद्या याच आकड्यांवरून ठरू शकते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने समन्वय साधलेल्या ‘कॉर्डेक्स’ प्रकल्पातील दक्षिण आशियाची अनेक प्रारूपे सुमारे ५० किलोमीटर बाजूच्या चौकोनांत विचार करतात. असा एक चौकोन २,५०० चौरस किलोमीटरचा; गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे सारे राज्य जेमतेम दीड चौकोनात मावते. त्यात किनारा, जांभ्या दगडाची पठारे आणि सह्याद्रीचा कडा एकमेकांत मिसळून जातात. घाटाची भिंत तेथे सौम्य उतरण होते. वाळपईत पणजीहून कितीतरी अधिक पाऊस का पडतो, याचे उत्तर अशा सपाट केलेल्या डोंगरातून मिळणे कठीण.

दुसरा दोष ढगांचा. मुसळधार सर देणारा ढग बहुधा काही किलोमीटर रुंदीचा असतो. चौकोनाच्या जाळीतून तो निसटतो. म्हणून त्याचे कार्य ठोकताळ्याच्या सूत्रांनी भरून काढले जाते. परिणामी अशा प्रारूपांत रिमझिम पावसाचे दिवस वाजवीपेक्षा जास्त आणि अतितीव्र सरी कमी, असे चित्र वारंवार आढळते. महिन्याची बेरीज जुळते, पण पावसाचा स्वभाव चुकतो. १२० मिलिमीटर पाऊस बारा तासांत पडला तर शेत तो पचवते. तोच दोन तासांत, तेही भरतीच्या वेळी कोसळला, तर मानशीची दारे मिटलेली असतात आणि पाण्याला वाट उरत नाही.

ब्रिटनचा अनुभव येथे बोलका आहे. २०१४ मध्ये तेथील हवामान खात्याच्या संशोधकांनी दक्षिण इंग्लंडसाठी दीड किलोमीटर जाळीचे प्रारूप वापरले. उन्हाळ्यात तासाभराच्या तीव्र सरी वाढतील, असे त्यात दिसले. १२ किलोमीटरच्या प्रारूपात ती वाढ दिसलीच नव्हती.

प्रारूपाचे आकडे जुन्या नोंदींशी ताडून दुरुस्त केले जातात, हे खरे. परंतु आजची चूक उद्याही तशीच राहील, हे त्या दुरुस्तीमागील गृहीतक आहे. शिवाय पर्जन्यमापकाची नेहमीची नोंद सकाळी साडेआठ ते साडेआठ अशी चोवीस तासांची असते. तासांचा हिशेबच नसेल, तर दुरुस्ती कशाशी ताडून करायची?

२३ जुलै २०२१ च्या पुराला मुख्यमंत्र्यांनी १९८२ नंतरचा सर्वांत भीषण पूर म्हटले होते. शापोऱ्याचे पाणी तर तिळारीच्या, म्हणजे दोडामार्गच्या डोंगरांतून येते. राज्याच्या सरासरीला ती सीमा ओलांडता येत नाही.

यावरून प्रारूपे टाकाऊ ठरत नाहीत. तापमानवाढीची दिशा आणि दशकांचा कल ती उपयुक्तपणे सांगतात. मात्र गावाचा बांध त्यांच्या एका आकड्यावर बांधता येणार नाही. आराखड्यात एका आकड्याऐवजी शक्यतांचा पल्ला द्यावा, पंचायत पातळीवर तासागणिक नोंद करणारे पर्जन्यमापक बसवावेत, आणि मोऱ्या व मानशींचा आराखडा तीव्र सर आणि भरती एकत्र गृहीत धरूनच करावा. मे २०२५ मध्ये देशाने सहा किलोमीटर जाळीची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ स्वीकारली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण ती येत्या काही दिवसांचा अंदाज देते, तीस वर्षांचा नव्हे. खाजनाचा बांध मात्र पुढच्या पिढीसाठी बांधायचा असतो.