विमान कर्मचाऱ्याचा पास: कृपा की वेतन?

#थ्रेड #इतिहास #खान्देश

१/ मेहरूण म्हटले की तलाव आणि बोरे आठवतात. शहराच्या त्याच अंगाला, कुसुंब्याजवळ, जळगावचा विमानतळ आहे. २०१७ पासून येथे चार प्रादेशिक विमान कंपन्या आल्या. त्यांतील दोन बंद पडल्या. उतारूंच्या गैरसोयीची चर्चा झाली. कर्मचाऱ्यांच्या प्रवास-सवलतीविषयी मात्र फारसे कुणी बोलले नाही.

२/ या मौनामागे एक समज आहे. आसन रिकामेच जाणार होते, त्यावर कर्मचारी बसला. मालकाने दिले, मालकाने काढून घेतले, यात हक्क कसला? हा समज सोयीचा आहे, पण इतिहास आणि कायदा या दोहोंच्या कसोटीवर तो टिकत नाही.

३/ आधी भुसावळकडे पाहावे. जळगावहून जेमतेम २५ किलोमीटरवरचे हे गाव रेल्वेनेच घडवले. रेल्वे कर्मचाऱ्याचा पास १९८६ च्या नियमावलीत बांधलेला आहे. ‘क’ गटातील कर्मचाऱ्यास ५ वर्षांच्या सेवेनंतर वर्षाला ३ पास, शिवाय एक तृतीयांश भाड्याचे ४ पीटीओ. कुटुंबात कोण मोडते, निवृत्तीनंतर काय मिळते, हेही लिखित आहे. साहेबाची मर्जी फिरली म्हणून यातले काही नाहीसे होत नाही.

४/ आता प्राप्तिकराची साक्ष. १९६२ च्या प्राप्तिकर नियमांतील ३(६) नुसार, वाहतूक व्यवसायातील मालकाने कर्मचाऱ्यास दिलेल्या मोफत वा सवलतीच्या प्रवासाचे मूल्य वेतनेतर लाभ म्हणून मोजले जाते. विमान व रेल्वे कर्मचारी यांना या मोजणीतून वगळले आहे. जी वस्तू लाभ नाहीच, तिला सूट देण्याचे कारण काय? सूट दिली, याचाच अर्थ कायद्याने तिची किंमत ओळखली.

५/ विमान कंपनीच्या पासाची घडण मात्र रेल्वेहून निराळी आहे. त्याचे मोल दोन गोष्टींवर ठरते: कंपनीचे स्वतःचे जाळे आणि इतर कंपन्यांशी असलेले करार. १९९० च्या दशकात रूढ झालेल्या ‘झेड’ करारपद्धतीत अंतराच्या टप्प्यांनुसार सवलतीचे भाडे ठरते. आसन बहुधा शिल्लक असेल तरच मिळते. जाळे आक्रसले की नियमातला एक शब्दही न बदलता पास निकामी होतो.

६/ छोट्या कंपन्यांना याची झळ आधी लागते. १९८१ मध्ये इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया यांनी मिळून ‘वायुदूत’ काढली. ती १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. १९९६ मध्ये ‘अलायन्स एअर’ आली, तीही मोठ्या घराची धाकटी पाती म्हणून. धाकट्या कंपनीच्या सवलतीची पत थोरल्या घराच्या जाळ्यावर उभी होती.

७/ २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली. अलायन्स एअर सरकारकडेच राहिली आणि एप्रिल २०२२ पासून तिचा कारभार स्वतंत्र झाला. एअर इंडियाच्या कर्मचाऱ्यांच्या प्रवास-सवलतीसाठी विक्रीच्या वेळी निकष ठरला तो ‘उद्योगातील प्रचलित प्रथे’चा. पण प्रथा घडवतो कोण? कंपन्याच. ज्याने द्यायचे, त्याच्याच हाती माप दिले गेले.

८/ जळगावचा अनुभव याहून कठोर आहे. २३ डिसेंबर २०१७ रोजी ‘एअर डेक्कन’चे १९ आसनी विमान मुंबई मार्गावर सुरू झाले. एप्रिल २०२० मध्ये या कंपनीने सर्व कर्मचाऱ्यांना बिनपगारी रजेवर पाठवले. २०१९ मध्ये आलेल्या ‘ट्रूजेट’ची उड्डाणे फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबली. जिथे पगारच थांबतो, तिथे पासाची चौकशी कोणत्या खिडकीवर करायची?

९/ ‘खासगी कंपनीच्या कारभारात समाजाने का बोलावे?’ असे विचारले जाईल. उत्तर ‘उडान’ योजनेत आहे. २०१६ च्या या योजनेत विमानातील सुमारे निम्मी आसने मर्यादित भाड्यात द्यायची आणि तूट अनुदानाने भरून काढायची, अशी रचना होती. तुटीचा २० टक्के वाटा राज्याचा. मार्गाची मक्तेदारी ३ वर्षांची. आसनाचे भाडे करारात बांधता येते, तर ते विमान चालवणाऱ्या माणसांच्या सेवाशर्ती का बांधता येऊ नयेत?

१०/ एक आक्षेप मात्र खरा आहे. सुमारे ७० आसनांच्या एटीआर विमानात रिकामी जागा थोडी, आणि छोट्या कंपनीची कंबर आधीच मोडलेली. रेल्वेइतके पास तिच्याकडून मागणे अन्यायाचे ठरेल. परंतु मागणी संख्येची नाही, लेखी हमीची आहे. शिल्लक आसनावरची सवलत कंपनीला फार महाग पडत नाही. नोकरी धरताना तिच्यावर विसंबलेल्या कर्मचाऱ्यास तिचे जाणे महाग पडते.

११/ म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. सवलत नेमणूकपत्रात लिहिलेली असावी. तिच्यातील बदल पूर्वसूचनेविना होऊ नये. अनुदान घेणाऱ्या प्रादेशिक कंपन्यांनी एकमेकींच्या कर्मचाऱ्यांना शिल्लक आसने देण्याचा करार करावा. २०२४ पासून ‘फ्लाय९१’ आणि अलायन्स एअर यांची विमाने जळगावी उतरू लागली. त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी ही तरतूद आजच व्हायला हवी. कंपनी बुडाल्यावर करार करायला समोर कुणीच उरत नाही.

#थ्रेड_समाप्त