तारू मोडले, माणसे वाचली



25 जुलै 2022 रोजी बारामतीहून उडालेले एक छोटे प्रशिक्षण विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले. सेस्ना 152 जातीचे ते विमान 22 वर्षांची एक विद्यार्थिनी एकटीच चालवत होती. ती किरकोळ जखमांवर बचावली. पुढच्याच वर्षी, 30 मे 2023 रोजी, आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळाजवळ होनिहाळच्या शेतात दुसरे एक प्रशिक्षण विमान उतरवावे लागले. त्यातले दोघेही वाचले.

अशी बातमी आली की आपला पहिला प्रश्न असतो, "चूक कोणाची?" आणि दुसरा, "नुकसान किती झाले?" मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आम्हीही असेच बोललो आहोत. म्हणून आज आधी आमचीच कानउघाडणी.

हवेत इंजिन बंद पडले तर काय करायचे, हे विद्यार्थ्याला अगदी सुरुवातीला शिकवतात. विमान खाली जाऊ लागले की हात आपोआप नाक वर खेचू पाहतो. पण तसे केले तर वेग घटतो, पंखांचा आधार सुटतो आणि विमान दगडासारखे पडते. म्हणून नाक खाली करायचे, वेग राखायचा आणि समोर आवाक्यात असेल ते मोकळे शेत निवडायचे. दूरच्या धावपट्टीचा हट्ट धरायचा नाही. विमान मोडले तरी चालेल, जीव वाचला पाहिजे.

आम्हांला यात नम्रतेचा धडा दिसतो. संकटात आपणही नाक वर ठेवू पाहतो. लोक काय म्हणतील, ठरवलेली धावपट्टी गाठलीच पाहिजे, असे म्हणत राहतो. देव मात्र कधी कधी नांगरलेले शेतच समोर ठेवतो.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 27 आठवा. पौल ज्या तारवात होता ते वादळात सापडले. जीवितहानी होणार नाही, तारू मात्र जाईल, असे त्याने सर्वांना आधीच सांगितले होते. तसेच घडले. कोणी पोहत, कोणी फळ्यांना धरून, असे 276 जण किनाऱ्याला लागले. आज त्या बेटाला माल्टा म्हणतात. तिथल्या परक्या लोकांनी काय केले? पाऊस होता, थंडी होती; त्यांनी आधी शेकोटी पेटवली. कैदी कोण, तारू कोणाच्या हट्टामुळे फुटले, हे त्यांनी आधी विचारले नाही.

मग चौकशी नकोच का? हवीच. नादुरुस्त यंत्र, घाईचे प्रशिक्षण यांच्याकडे काणाडोळा करणे म्हणजे पुढच्या मुलाचा जीव धोक्यात घालणे. पण विमान अपघाताच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियमच पाहा. शिकागो कराराचे 13वे परिशिष्ट सांगते की या चौकशीचा हेतू असे अपघात टाळणे हाच आहे, दोष वाटणे हा नाही. जगाच्या नियमाला जे कळते, ते ख्रिस्ताच्या मंडळीला कळू नये?

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी 200 तासांचे उड्डाण लागते. त्यासाठी कित्येक घरे कर्ज काढतात. पण गोष्ट फक्त वैमानिकांची नाही. आपल्या धर्मग्रामातही नर्सिंगचे वर्ष वाया गेलेली मुलगी आहे, नोकरी सोडून घरी परतलेला मुलगा आहे. ते चर्चला येईनासे होतात, कारण आपण दारातच विचारतो, "मग आता पुढे काय?" त्यांची धावपट्टी हुकली; पण ते जिवंत आहेत, आपल्यात आहेत. याबद्दल आपण देवाचे आभार कधी मानले?

आमचे मत स्पष्ट आहे. पडून आलेल्या माणसासाठी आधी शेकोटी, मग चहा, आणि प्रश्न सर्वांत शेवटी. तेही पुढचा अपघात टाळण्यासाठी, लाजवण्यासाठी नव्हे. येत्या रविवारी अशा एकाच्या घरी जाऊन या. सल्ला घरी ठेवून जा.

प्रार्थना: हे प्रभू, आमचे तारू मोडेल तेव्हा आम्हांला किनाऱ्याला लाव, आणि दुसऱ्याचे मोडेल तेव्हा आम्हांला त्याचा किनारा कर. आमेन.